मधलं माणूस

आमच्या सासूबाईंचं नाव कडूबाई. कडू नावाचा मसाला कोण विकत घेणार, ही काळजी मला होती, त्यांना नव्हती. कोल्हारला नगर-मनमाड रस्त्याला लागून आमचं घर. शिर्डीला जाणाऱ्या गाड्या थांबवून माणसं सासूबाईंचा येसर मसाला घेऊन जायची. साधी पिशवी, वर गाठ, नाव ना गाव. नव्याण्णव साली पुण्याच्या एका प्रदर्शनात आम्हाला गाळा मिळायची वेळ आली, तेव्हा तिथल्या बाईंनी सांगितलं की बिननावाचा माल ठेवता येणार नाही. नाव ठरवा, आणि ठरवलंत की ते आधी इंटरनेटवर घेऊन ठेवा, नाहीतर दुसरं कोणीतरी पळवेल.

हे मी घरी येऊन सांगितलं तेव्हा आमचे हे हसले. सासूबाई हसल्या नाहीत. नावं पळवत्यात व्हय, एवढंच म्हणून त्या खोबरं भाजत राहिल्या.

मी तापट आहे असं घरात सगळे म्हणतात. मला निदान खोटंनाटं भय चालत नाही. तिन्हीसांजेला हे करू नको, अमावस्येला ते करू नको, असं कोणी सांगितलं की मी मुद्दाम करते. म्हणून सासूबाईंनी त्या दिवशी जे सांगितलं ते मी मसाल्याच्या वासाबरोबर नाकावाटे आत घेतलं आणि सोडून दिलं.

त्यांना आणखी एक नाव होतं. त्यांच्या आधीची भावंडं पाळण्यातच गेली होती. ह्या जन्मल्या काष्टीला, माहेरच्या घरात. बारशाला कानात नाव सांगितलं मनकर्णा, आणि संध्याकाळी अंगात ताप भरला. त्यांच्या आजीने मग जुना उपाय केला. पोरीला सुपात घातलं, गावकुसाबाहेर साळूबाई सुईणीच्या दारात नेलं आणि मूठभर कोंड्यावर तिला विकलं. मरण नाव घेऊन दारात येतं म्हणतात. ते आलं तर त्याला सांगायचं, ह्या नावाचं लेकरू आता आमचं नाही. दुसऱ्या दिवशी तसाच मूठभर कोंडा देऊन पोर परत घेतली, पण नाव तिकडेच ठेवलं. परत आलेल्या पोरीला म्हणायचं कडू, म्हणजे मरणाने तोंडात घेतलं तरी थुंकून टाकावं.

मला ते मनकर्णा नाव फार आवडलं. पिशवीवर शोभेल असं होतं. मी म्हटलं, तुमचंच नाव आहे, आपण घेऊ.

"माजं न्हाई ते," सासूबाई म्हणाल्या. "साळूबाईकडं ठिवलंय."

साळूबाई जाऊन किती वर्षं झाली असतील, असं मी विचारलं. त्यांनी खोबऱ्याची कढई खाली उतरवली. पण इंटरनेटवर नाव घ्यायला नगरला जायचं ठरलं तेव्हा चपला घालून माझ्याआधी दारात उभ्या होत्या.

माळीवाड्याच्या स्टँडजवळ इंटरनेटचं दुकान नवीन झालं होतं. दुकानदाराने फोनची तार जोडली आणि मोडेमच्या डबीतून आवाज सुरू झाला, किरकिरत, मध्येच चढत, मध्येच गुदमरत. सासूबाईंनी माझा हात धरला. लेकरू कुनाचं रडतंय, म्हणाल्या. दुकानदाराला हसू आवरेना. मलाही आलं, पण त्यांनी माझा हात सोडला नाही.

नाव गेलेलं होतं. मनकर्णा डॉट कॉम कोणीतरी आधीच घेतलं होतं. दुकानदाराने ते उघडून दाखवलं. तेव्हा चित्र एकदम दिसत नसे, वरून खाली एकेक पट्टी उतरत यायची. आधी काळं आलं. मग पिवळसर कड आली, मग वेताची वीण. खालपर्यंत उतरलं तेव्हा ते एक सूप होतं. रिकामं. खाली एक अक्षर नाही.

मला साळूबाईच्या दारात नेलेलं सूप आठवलं. लगेच मनाला समजावलं की सूप काय कोणाच्याही घरात असतं. सासूबाई पदर तोंडाला लावून बराच वेळ बघत राहिल्या. परतीच्या एसटीत राहुरी गेल्यावर त्या बोलल्या.

"मधी मानूस घाल, भारती. आपन सोता मागायचं न्हाई. तवा बी असंच केलं हुतं."

एवढं एक मी ऐकलं, कारण दुकानदारही तेच म्हणाला होता. नाव दुसऱ्याकडे असेल तर मध्ये दलाल लागतो. जमिनीला लागतो, बैलाला लागतो, तसा नावालाही लागतो.

आता चांगला दलाल ओळखायचा कसा? पहिला भेटला तो पुण्याचा. फोनवर माझं बोलणं पुरं व्हायच्या आत काम झालंच म्हणून सांगायला लागला. मालकाला तुमचं नाव, पत्ता, प्रदर्शनाची तारीख, सगळं कळवतो, म्हणजे तो घाई करेल, म्हणाला. मी म्हटलं, घाई मला आहे हे त्याला कळलं तर भाव मी ठरवणार का तो? फोन आपटला.

दुसरा नगरचाच, ज्ञानेश्वर गाडेकर. सावेडीत प्लॉटची कामं करायचा, आणि भाचा अमेरिकेत असल्यामुळे हल्ली नावांचीही. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. त्याने आधी मला परतच पाठवायचं बघितलं. दुसरं नाव घ्या, बाई, नावांना काय तोटा, म्हणाला. मी हलेना तेव्हा त्याने आपली रीत सांगितली. नावाचाही सात-बारा असतो, तो आधी काढायचा. मालक कोण हे मला कळेल, तुम्हाला नाही. तुम्ही कोण हे मला ठाऊक, त्याला नाही. आजपासून ते नाव उघडून बघायचं नाही, कोणाजवळ बोलायचं नाही. आणि हवंच आहे असं स्वतःलाही म्हणायचं नाही, कारण हवंसं वाटणं आवाजात उतरतं.

"आणि नाही मिळालं तर?" त्याने विचारलं. "हे आधी ठरवा. ज्याने हे ठरवलेलं नाही त्याचं काम मी घेत नाही."

मला माणूस पटला. मी म्हटलं, नाही मिळालं तर कडू तर कडू.

त्यानंतर घरात काहीतरी बदललं. नाव घ्यायचं नाही म्हटल्यावर ते जास्तच घरात वावरू लागलं. सासूबाई भर दुपारी मागच्या दाराला कडी घालायला लागल्या. मिरच्या भाजताना मध्येच मान वळवून परसाकडे बघायच्या. काय झालं विचारलं की म्हणायच्या, काही न्हाई. धुवून भिंतीला टेकवलेलं सूप त्या पालथं घालून ठेवायच्या. एकदा मी ते उताणं ठेवलं तर माझ्या अंगावर ओरडल्या. लग्न झाल्यापासून त्या माझ्यावर कधी ओरडल्या नव्हत्या.

आणि मग मलाही ऐकू आलं. ऊन रणरणत होतं, रस्त्यावर गाडी नव्हती. मी परसात वाळवण हलवत होते. कडी घातलेल्या दारापाशी कोणीतरी लहान आवाजात, अडखळत काहीतरी म्हटलं, नवीन शब्द शिकताना लेकरू म्हणतं तसं. मी वळले. दारापाशी कोणी नव्हतं, आत सासूबाई झोपल्या होत्या. मी भीत नाही असं सांगत आले आहे. त्या दुपारी मी भ्याले. मिरच्या तशाच टाकून पुढच्या अंगणात जाऊन बसले.

गाडेकर स्वतः कोल्हारला आले, फोन न करता. आमच्या ह्यांनी खुर्ची दिली, मी पाणी दिलं. त्यांनी पाणी पिऊन पेला खाली ठेवला आणि म्हणाले, काम होणार नाही. मालक विकत नाही. मी भाव बोलायच्या आतच नाही म्हणाला. ते त्याच्या आत्याचं नाव आहे. आत्या लहानपणीच गेली, तिचा फोटो नाही, कपडा नाही. तिच्या आईच्या हातचं एक सूप तेवढं राहिलंय, त्याचं चित्र त्याने लावलंय. बास, पुढे विचारू नका.

"त्यो काष्टीचा हाय," सासूबाई उंबऱ्यातून म्हणाल्या.

गाडेकरांनी मान हलवली नाही, पण त्यांच्या तोंडावर दिसलं. सासूबाई खाली बसल्या. साळूबाईचा कोण, नातू का, असं त्यांनी विचारलं. आणि मग म्हणाल्या, मला त्याच्याशी बोलायचंय, मी.

गाडेकर चांगले दलाल होते म्हणून त्यांनी आधी नको म्हटलं. मधला माणूस बाजूला झाला की दोघांचंही नुकसान होतं, म्हणाले. मीही अडवलं. ज्या नावापासून तुम्ही जन्मभर लपलात त्याच्या दारात आता आपल्या पायाने कशाला जाता? सासूबाई माझ्याकडे न बघता गाडेकरांना म्हणाल्या, "मधलं मानूस काय भोगतं ते मला ठावं हाय."

शेवटी गाडेकरांनी जुळवलं, आणि एका सकाळी त्या मालकाचाच फोन आला. गाडेकर आमच्याकडेच बसले होते. त्यांनी फोन घेतला, बोलणारी काष्टीची आहे एवढं सांगितलं, आणि फोन सासूबाईंच्या हातात देऊन स्वतः अंगणात जाऊन उभे राहिले. सासूबाईंनी मला जवळ ओढलं. त्या फोनमध्ये फुंकर मारल्यासारखा वारा ऐकू येत होता. पलीकडे चेतन ओहोळ. साळूबाईच्या थोरल्या लेकाचा मुलगा.

"मी कडूबाई," सासूबाई म्हणाल्या. "तुज्या आज्जीनं मला कोंड्यावर घेतलं हुतं."

मग तो म्हणाला, आजी शेवटपर्यंत सांगायची, ती येईल एक दिवस नाव न्यायला. आम्ही बौद्ध झालो, अशा गोष्टी सगळ्या सोडल्या, घरात ह्यातलं काही मानत नाहीत. पण आजी वाट बघायची.

"न्यायला न्हाई आले, बाळा. सांगायला आले."

आणि त्यांनी सांगितलं. मला तोवर हे ठाऊक नव्हतं, आमच्या ह्यांनाही नव्हतं. नाव नुसतं ठेवून भागत नाही, त्याला अंग लागतं, असं सासूबाईंच्या आजीचं म्हणणं. पुढे साळूबाईला लेक झाली तेव्हा आजी तिच्या दारात गेली आणि तेच नाव त्या पोरीला द्यायला लावलं, म्हणजे ते फिरून आपल्या घरी यायचं नाही. तेव्हाच्या काळात गावकुसाबाहेरच्या बाईने नाही कसं म्हणायचं? ती मनकर्णा आणि ही कडू ओढ्याकाठी एकत्र खेळायच्या, घरच्यांची नजर चुकवून. एका उन्हाळ्यात मनकर्णाला ताप आला आणि ती गेली.

"आमच्या घरी त्या दिशी पुरन शिजवलं," सासूबाई म्हणाल्या. "टळलं म्हनून. माजी आई हसत हुती. मला म्हनली, खा, आता तू जगली. आन् मी खाल्लं, बाळा. मागून खाल्लं."

त्यांचा आवाज जरासुद्धा हलला नाही. माझ्या डोळ्यांतून मात्र पाणी वाहत होतं. चेतनने विचारलं, तिला बघितलेलं आता कोणी उरलेलं नाही. ती दिसायला कशी होती? सासूबाईंनी सांगितलं. डाव्या गालावर खळी. पळताना परकर दोन्ही हातांनी धरायची. काही शब्द जमत नसत. मला कडू म्हनता यायचं न्हाई तिला, कलू म्हनायची. तो रडत होता की हसत होता ते त्या वाऱ्यात कळलं नाही. नाव तुम्हाला हवं असेल तर न्या, असं तो शेवटी म्हणाला. सासूबाईंनी जोरजोरात मान हलवली, जणू त्याला ती दिसत होती.

"न्हाई. ते तिच्या अंगाला लागलंय. तिचंच हाय."

गाडेकरांनी दलाली घेतली नाही, येसराची पिशवी घेतली. प्रदर्शनासाठी आम्ही पिशवीवर छापलं, कडूबाईचा येसर. लोक नाव वाचून हसत आणि हसता हसता घेत. माझी काळजी फुकट गेली.

सासूबाईंनी मागच्या दाराची कडी काढली ती कायमची. सूपही आता उताणंच असतं. मला वाटलं, संपलं सगळं. पण एका दुपारी त्या धने भाजत होत्या, मी शेजारी पिशव्या भरत होते. त्यांनी उलथनं थांबवलं, परसाकडे तोंड केलं आणि लेकराच्या हाकेला देतात तशी हळू आवाजात ओ दिली. माझ्या हातातली पिशवी सांडली.

"कोण आहे?" मी विचारलं. "तुम्हाला कोणी मनकर्णा म्हणून हाक मारली का?"

"न्हाई गं," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा धने हलवू लागल्या. "कलू म्हनली."