दंडावरची आणि छातीतली

मनकर्णाच्या अंगात गाठी दोन होत्या, पण घरच्यांना दोन्हींचं नाव एकच ठेवायचं होतं: चरबीची गाठ.

दंडावरची खरंच चरबीची. लग्नाच्या आधीपासूनची, बोटाखाली सरकणारी. छातीतली यंदाची. अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी तिचा तुकडा तपासून घेतला आणि स्वच्छ सांगितलं, "दंडावरची साधी. वाढली तरी आपली जागा सोडत नाही. छातीतली कॅन्सरची. ती शेजारच्या मांसात घुसते, आणि थांबलो तर दूर जाऊन दुसरीकडं बिऱ्हाड मांडते. लवकर काढू."

मोठे दीर उत्तमराव म्हणाले, "तुह्या पोरीचं, दामिनीचं लग्न होऊ दे, मंग काढ. कॅन्सरवाल्या घरची पोरगी कोन करते? पुसलंच कोनी, तर चरबीची म्हन." नवरा रामरावानंही मान डोलावली. मनकर्णाचं डोकंच फिरलं. गाठ काय मुहूर्त पाहून वाढणार होती?

रविवारी अचलपूरचे पाहुणे सुपारी फोडायला आले. सुपारी फुटली की सोयरीक पक्की. उत्तमरावांनी बत्ता उचलला.

"थांबा भाऊजी." मनकर्णा मुलाच्या आईकडे, बेबीताईंकडे वळली. "इहीनबाई, मले कॅन्सर हाय. गुरुवारी अकोल्याले ऑपरेशन. लग्न त्याच्यानंतर. पटत असन तर सुपारी फोडू, नाही तर चहा घेऊन जा."

"नाक कापलं तुनं आमचं!" उत्तमराव कडाडले.

"नाक राहू द्या. मी जीव वाचवून राहिली."

बेबीताई उठल्या. मोडली सोयरीक, असंच सगळ्यांना वाटलं. पण त्यांनी मनकर्णाला स्वयंपाकघरात नेलं, दार लोटलं आणि तिचा हात धरून आपल्या काखेत ठेवला. तिथं काहीतरी टणक होतं.

"पोराचं लग्न होऊ दे म्हनते घरचे," त्या पुटपुटल्या. "चरबीचीच असन ना वं?"

"हाताले काय कळते? तपासल्याबिगर तिचं नाव कोनालेच सांगता येत नाही."

बेबीताईंनी डोळे पुसले आणि स्वतःच दार उघडलं. "फोडा सुपारी," त्या बाहेर येऊन म्हणाल्या. "पन तारीख आता काढू नका. मलेही गाठ हाय. गुरुवारी मी इहीनबाईसंगं अकोल्याले चालली."

उत्तमरावांचा बत्ता वरच राहिला. दामिनीनं तो त्यांच्या हातातून काढून घेतला आणि आपली सुपारी आपणच फोडली.