पाठवणाऱ्याचं नाव

ग्लेन हॉस्टेटलरने गाडी इमारतीच्या मागे, कचऱ्याच्या डब्यांच्या आड नेऊन लावली, छातीवरची नावाची पट्टी काढून खिशात घातली आणि पुढच्या दाराने आत गेला. मागे दार असतं तर त्याने तेच वापरलं असतं.

आत पंधरावीस माणसं खुर्च्यांवर बसली होती. पूर्वी इथे फर्निचरचं दुकान होतं. सव्वीस वर्षांपूर्वी, लग्नानंतर दोनच महिन्यांनी, ग्लेन आणि डार्लाने जेवणाचं टेबल इथूनच घेतलं होतं, तेही रोखीने. आता त्याच जागी माणसाचं रक्त काढून घेत, त्यातला प्लाझ्मा, म्हणजे पिवळसर पाणी, ठेवून घेत आणि उरलेलं परत अंगात सोडत. पहिल्या खेपेला शंभर डॉलर. औषधाच्या कंपन्यांना प्लाझ्मा लागतो आणि गावाला डॉलर लागतात.

आज मंगळवार होता आणि ग्लेनला ते शुक्रवारच्या आत हवे होते. काचेचा कारखाना बंद पडल्यावर तो हार्डवेअरच्या एका मोठ्या दुकानात रंगाच्या विभागात लागला होता. महिन्यापूर्वी दुकानाने त्याचे तास निम्म्यावर आणले. डार्लाला त्याने ते सांगितलं नव्हतं. रोज ठरल्या वेळी तो घरातून निघे आणि उरलेला वेळ वाचनालयात किंवा गाडीत काढी. पहिल्या पंधरवड्याच्या पगारातली तूट त्याने आपलं ड्रिल मशीन विकून भरून काढली. आता शुक्रवारी दुसरा पगार दोघांच्या खात्यात पडेल, डार्ला आकडा बघेल आणि विचारेल. कारखान्यात साठ माणसांवर देखरेख केलेल्या माणसाला त्या एका प्रश्नाची धडकी भरली होती. झाकली मूठ सव्वा लाखाची हे खरं, पण ती झाकून ठेवायलाही खर्च येतो.

"अरे वा, साहेब!"

ग्लेनने वळून पाहिलं. कोपऱ्यातल्या खुर्चीवर डेल राउश पाय पसरून बसला होता. राउश कारखान्यात भट्टीवर कामाला होता. कपातीची पहिली यादी ग्लेननेच वाचून दाखवली होती आणि तिच्यात राउशचं नाव चौथं होतं.

"बसा की. ही काही तुमची केबिन नाही, दार वाजवायला नको."

"इकडे एक काम होतं," ग्लेन म्हणाला.

"इथे येणाऱ्या सगळ्यांचं एकच काम असतं." राउश हसला. मग त्याने ग्लेनचा चेहरा पाहिला आणि आवाज खाली आणला. "घाबरू नका साहेब. मी कुठे बोलत नाही. आजवर बोललो नाही, आताही बोलणार नाही."

आजवर म्हणजे काय, ते ग्लेनला कळलं नाही. राउशला पहिल्यापासून बडबडीची सवय, म्हणून त्याने ते सोडून दिलं. राउश त्याच्याच चर्चमध्ये येतो आणि डार्लाच्या मागच्या बाकावर बसतो, एवढंच त्याच्या डोक्यात घुमत राहिलं.

खिडकीतल्या मुलीने त्याचा गाडीचा परवाना घेतला आणि टाइप करू लागली.

"कोणी पाठवलं तुम्हाला?"

"कोणी नाही."

"तसं नाही हो, पाठवणाऱ्याला पन्नास डॉलर मिळतात. फॉर्मवरची ती चौकट रिकामी सोडली की फुकट जातात." तिची बोटं थांबली. "हॉस्टेटलर. सिकॅमोर रस्ता, चारशे बारा. अहो, या पत्त्यावरून आधीच एकजण येतात की. डार्ला ना? सोमवारी आणि बुधवारी. मग त्यांचंच नाव घालते."

ग्लेनने खिडकीची कड धरली.

"आत्ता नको."

मुलगी गोरीमोरी झाली. "मी बोलायला नको होतं का?"

"ठीक आहे. नंतर सांगतो."

आतल्या खोलीत त्याच्या बोटाला सुई टोचली, रक्तदाब घेतला. नाडी एकशे अठरा भरली. शंभराच्या वर चालत नाही.

"दहा मिनिटं शांत बसा," नर्स म्हणाली. "पुन्हा एवढीच आली तर आज घरी जावं लागेल."

शांत कसं बसायचं, ते तिने सांगितलं नाही. ग्लेन भिंतीकडे बघत बसला. सोमवारी आणि बुधवारी डार्लाची चर्चच्या गाण्याची तालीम असे. एवढ्या तालमी करूनही रविवारी तीच जुनी गाणी कशी, हे त्याने कधी विचारलं नव्हतं. ऐन जुलैत ती लांब बाह्या घाली. दाताच्या डॉक्टरकडे ती फोन घ्यायच्या कामाला होती, तिथला एसी फार गार असतो म्हणे. फ्रिजमध्ये सदा उकडलेली अंडी. हिवाळ्यात घरातला हीटर बंद पडला, तेव्हा "माझ्याकडे थोडे बाजूला ठेवलेले आहेत," असं म्हणून तिने पैसे काढून दिले होते. ग्लेनला तिच्या काटकसरीचं किती कौतुक वाटलं होतं. चर्चच्या पायऱ्यांवर त्याने ते चारचौघांत सांगितलंही होतं. तेव्हा राउश तिथेच उभा होता.

आधी त्याला तिचा राग आला. मग त्या रागाचं काय करावं ते कळेना, कारण तो स्वतःही तिथेच बसला होता. शेवटी लाज वाटली. डोळे मिटून तो टेबल घेतलं त्या दिवसाची आठवण काढू लागला. ते गाडीच्या टपावर बांधताना डार्ला दोरीला लोंबकळून हसत होती.

दुसऱ्यांदा नाडी अठ्ठ्याण्णव आली.

त्याला राउशच्या शेजारची खुर्ची मिळाली. यंत्र घरघरत होतं आणि टांगलेल्या बाटलीत पिवळं पाणी हळूहळू चढत होतं.

"मूठ उघडझाप करत राहा," राउश म्हणाला. "लवकर सुटाल."

बराच वेळ ग्लेन मूठ उघडझाप करत राहिला.

"ती कधीपासून येते?"

राउशने छताकडे पाहिलं. "जानेवारीपासून. मला म्हणाल्या, ग्लेनला कळू देऊ नकोस, तो मनाला लावून घेईल." मग तो म्हणाला, "यादी वाचताना तुमचा कागद थरथरत होता, साहेब. मी बघितलं होतं."

ग्लेनने बाटलीकडे पाहिलं, ती भरत आली होती.

निघताना ग्लेन खिडकीपाशी गेला. मुलीने न विचारता फॉर्म पुढे केला.

"नाव घातलं तर त्यांना मेसेज जातो हं," ती हळूच म्हणाली. "तुमच्या नावासकट. संध्याकाळपर्यंत पोचतो."

चौकट रिकामी सोडली तर काहीच बिघडणार नव्हतं. शुक्रवारी आकडा बरोबर दिसला असता, सोमवारी तालीम झाली असती. दोघांच्याही मुठी झाकलेल्या राहिल्या असत्या. ग्लेनने पेन घेतलं आणि खाली ठेवलं. मागे रांगेत कोणीतरी खोकलं. तेव्हा त्याने पेन पुन्हा उचललं आणि डार्लाचं नाव ठसठशीत अक्षरात लिहिलं.

गाडीत त्याने कोपरात बांधलेली हिरवी पट्टी सोडून बाही खाली केली. घरी पोचेपर्यंत चार वाक्यं जुळवली होती, दारात एकही आठवलं नाही.

डार्लाने खिमा आणि बटाटे वाढले. आजही तिच्या बाह्या मनगटापर्यंत होत्या. डॉक्टरकडे आलेल्या एका म्हातारीची कवळी कशी हरवली आणि तिच्याच पर्समध्ये कशी सापडली, ते ती सांगत होती. ग्लेन बटाटे नुसतेच चिवडत होता. फोन टेबलावर तिच्या हाताशी पडला होता.

फोन थरथरला.

डार्लाने तो उचलला, वाचला, पुन्हा वाचला. कवळीची गोष्ट अर्धीच राहिली. तिने फोन पालथा ठेवला आणि काटा ताटलीच्या कडेला टेकवला. ग्लेनने मान वर केली नाही. आता ती उठून जाईल, असं त्याला वाटलं.

"तास किती राहिलेत?" तिने विचारलं.

"निम्मे."

"कधीपासून?"

"महिना झाला."

तिने त्याच्या ताटलीतल्या चिवडलेल्या बटाट्यांकडे पाहिलं.

"कुठला हात दिलास?"

"डावा."

"बघू."

त्याने बाही वर केली. सुईच्या जागी निळं पडलं होतं. तिने अंगठ्याने भोवतीची कातडी दाबून पाहिली. मग आपल्या उजव्या बाहीचं बटण काढलं, बाही कोपराच्या वर सारली आणि हात त्याच्या हाताशेजारी टेबलावर ठेवला. त्याच जागी बारीक खळगा पडला होता, आत गेलेला, जुना.

"दरवेळी हात बदलायचा," ती म्हणाली. "आणि आदल्या दिवशी अंडी खायची, भरपूर पाणी प्यायचं."

ग्लेनने मान हलवली.

"मंगळवारचं वेगळं काही नको," डार्लाने काटा उचलला. "सोमवारी माझ्याबरोबरच चल. पेट्रोल वाचेल."