गढूळ पाण्यातला गुलाबी गळ

एमेट स्टीगलची नजर जात चालली आहे हे सगळ्यात आधी त्याच्या मुलीच्या, लूरीनच्या लक्षात आलं.

अलाबामातल्या आमच्या तळ्यावर क्रॅपी पकडण्यात एमेटचा हात धरणारा कोणी नव्हता. उन्हाळ्यात हा मासा सावलीसाठी घरांपुढच्या लाकडी धक्क्यांखाली, पार आतल्या खांबांपाशी जाऊन राहतो. साधा गळ फेकून तिथवर पोचत नाही. एमेट शिशाच्या डोक्याचा चिमुकला रंगीत गळ चिमटीत धरून मागे ओढायचा, काठी धनुष्यासारखी वाकली की सोडून द्यायचा. गळ पाण्यावर टप्पे घेत फळ्यांखालच्या अंधारात शिरायचा. मग तो सावकाश बुडत असताना नजर फक्त दोरीवर. क्रॅपी हिसका देत नाही. दोरी जराशी थरथरते, नाहीतर सैल पडते, बस्स. ज्याला ते दिसलं त्याचा मासा.

लूरीनला दिवसपाळी असायची, म्हणून तिच्या आठ वर्षांच्या जूनीला शाळेतून गाडीने आणायचं काम एमेटकडे होतं. मे महिन्यात एकदा जेवताना जूनी सहज म्हणाली, "चौकात आजोबा मलाच विचारतात, आता कुठला दिवा लागलाय गं?"

लूरीनने हातातला घास खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी तिने बापाला विचारलं.

"रंग शिकवतोय तिला," एमेट म्हणाला.

"आठ वर्षांच्या मुलीला?"

"खेळ असतो आमचा. तू कशाला मध्ये पडतेस?"

त्या शनिवारी दोघं नेहमीसारखी होडी घेऊन निघाली. आदल्या रात्री पाऊस झाला होता आणि तळं चहासारखं गढूळ झालं होतं. इडा क्रेन नावाच्या विधवा बाईच्या धक्क्यापाशी एमेटने होडी थांबवली. ती त्याने नीट आणली, खांबालाही लागू दिली नाही. लूरीनला क्षणभर वाटलं, आपलंच चुकतंय.

"अशा पाण्यात पोपटीच चालतो," तो म्हणाला. "हलका बघ. जड असला की दगडासारखा खाली जातो, माशाला विचार करायला वेळच मिळत नाही. दे काढून."

पूर्वी गळांच्या डब्याला तो कोणाला हात लावू देत नसे. लूरीनने डबा उघडला. पोपटी समोरच होता. तिने त्याच्या शेजारचा फिकट गुलाबी उचलला आणि त्याच्या तळहातावर ठेवला.

"पोपटीच ना?"

"हो," ती म्हणाली.

त्याने मान जराशी वळवून तिरक्या नजरेने बघितलं आणि गळ बांधला. गाठ बोटांच्या सवयीने अचूक बसली. पहिलाच नेम फळ्यांखाली थेट आत गेला. दोरी बुडत गेली आणि मध्येच थरथरली. लूरीनला स्पष्ट दिसलं. एमेट काठी धरून तसाच बसून राहिला. पुढच्या खेपेला दोरी चक्क बाजूला सरकली, तरी तो हलला नाही.

"आज मासे झोपलेत," तो म्हणाला.

तेवढ्यात कॉफीचा मग घेऊन इडा धक्क्यावर आली. एमेटने दोरी गुंडाळून घेतली होती आणि गळ काठीच्या टोकाला लोंबत होता.

"काय एमेट, गढूळ पाण्यात गुलाबी? म्हातारपणी भलताच रंगात आलास."

"गुलाबी कुठला? डोळे तपासून घे. पोपटी आहे."

इडा हसता हसता थांबली. तिने लूरीनकडे पाहिलं.

"गुलाबीच आहे, बाबा," लूरीन म्हणाली. "मी मुद्दाम दिला. मघाशी दोनदा मासा लागला होता, तुम्हाला दिसलं नाही."

एमेटने गळ बोटांत धरून डोळ्यांजवळ नेला, मग बाजूला नेला. इडा घरात गेली.

"मला सरळ विचारायचं होतंस."

"खरं सांगितलं असतंत?"

"नाही," तो म्हणाला. "पण विचारायचं होतंस. बाईमाणसासमोर माझी शोभा करायला नको होती."

इडा येईल हे लूरीनला ठाऊक नव्हतं, पण ते सांगून काय होणार होतं?

काठावर पोचल्यावर होडी गाडीमागे बांधून झाली आणि तो सवयीने चालकाच्या दारापाशी गेला. चावी लूरीनच्या मुठीत होती.

"दे इकडे."

"नाही."

"लूरीन, ही गाडी माझी आहे."

"जूनी बसते हिच्यात, बाबा."

तो उभा राहिला. मग बॉनेटवर हात टेकत वळसा घालून दुसऱ्या बाजूला जाऊन बसला.

डॉक्टरांनी सांगितलं, मधली नजर गेली आहे, कडांची राहील, गेलेली परत येणार नाही. एमेटने गाडी मुकाट्याने सोडली. जूनीला आणता यावं म्हणून लूरीनने कामाची पाळी बदलून घेतली. पण तिच्याबरोबर होडीत मात्र तो पुन्हा बसला नाही. दुपारभर इडाच्या धक्क्यावर गळ टाकून बसायचा. लूरीनने विचारलं तर म्हणायचा, "तुला कामं असतील."

"तो चिडलेला नाही गं," इडा तिला म्हणाली. "तुझ्यासमोर चुकायची त्याला भीती वाटते."

हे ऐकून लूरीनला जास्तच लागलं. चिडला असता तर तिने समजूत काढली असती.

ऑक्टोबरात एका दुपारी ती धक्क्यावर गेली. पावलं ऐकून एमेटने वर न बघता विचारलं, "इडा?"

"नाही, मी."

त्याने काठी दुसऱ्या हातात घेतली आणि बाकावर थोडा सरकला. दोरी त्याने तर्जनीवरून घेतली होती.

"बस," तो म्हणाला. "पण बोलू नकोस. मला आता बोटानेच कळतं."

ती बसली. दोरी तिच्या समोरच पाण्यात उतरत होती. तिने तोंड फिरवलं आणि पलीकडच्या काठाकडे बघत राहिली.