थोरलीच्या वहीतलं मीठ

थोरली चेटकीण होती. हे कुणी तिच्या पाठीमागे म्हणत नव्हतं, तीच सांगायची, आणि तेही हसत. दिवसभर शहरातली बस चालवायची आणि अमावास्येच्या संध्याकाळी आपल्या खोलीत मेणबत्ती लावून चार दिशांना हाक मारायची. माती, पाणी, वारा, आग यांचे आभार मानायची. कुणाचं वाईट चिंतायचं नाही, एवढाच तिचा नियम. थोडं पुस्तकांतून, थोडं फोनवरच्या मैत्रिणींकडून आणि उरलेलं स्वतःच्या डोक्याने, असं करत तिने हे सगळं जुळवलं होतं. मावशी विचारायची, "काय गं, झाडूवर बसून जात नाहीस कामाला?" थोरली म्हणायची, "झाडूवर चाळीस माणसं मावत नाहीत, मावशी."

आठ महिन्यांपूर्वी ही थोरली डेपोतल्या बाकावर कप हातात घेऊन बसली ती उठलीच नाही. डोक्यातली शीर फुटली, असं डॉक्टर म्हणाले. एक्केचाळीस वर्षांची होती.

धाकटी रडली नाही. आता कुणाला लगेच रडू येतं, कुणाला उशिरा, त्यात नवल ते काय? पण आठ महिने! थोरलीचे कपडे घडी करून पिशव्यांत भरले, तिचा टूथब्रश टाकून दिला, तिचा फोन वाजला तेव्हा "ती आता नाही" असं शांतपणे सांगितलं, आणि डोळ्यांत टिपूस नाही. दुःख होत होतं आणि ती ते गिळत होती, असंही नव्हतं. काहीच होत नव्हतं. दात काढण्याआधी इंजेक्शन देतात आणि मग आपलाच गाल आपल्याला परका लागतो, तसं तिचं सगळं अंग झालं होतं. आपण आतून मेलो की काय, हा विचार यायचा, पण त्याचीही धड भीती वाटायची नाही. तिला एकच हवं होतं. बहिणीसाठी एकदा, एकदाच, रडू यावं.

म्हणून थोरली गेल्यावर दोन महिन्यांनी तिने तिची वही बाहेर काढली होती.

धाकटी एका छापखान्यात मुद्रितं तपासायची. औषधांच्या खोक्यात ती घडी घातलेली माहितीपत्रकं असतात ना, कुणी वाचत नाही ती, ती हिला रोज डोळ्यांत तेल घालून वाचावी लागत. एक शून्य जास्त पडलं तर माणूस जायचा. बारा वर्षं हेच करून तिचा हात असा झाला होता की लाल पेन्सिल नसली तरी बोट चुकीवर जाऊन थांबे. आणि थोरलीचं शुद्धलेखन तर काय सांगावं! ऱ्हस्व-दीर्घाशी तिचं जन्माचं वैर. शाळेपासून धाकटीनेच तिच्या वेलांट्या सुधारल्या होत्या.

वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं, "ही माझी वाट. दूसर्‍याने आपली शोधावी." धाकटीने 'दूसर्‍याने'चा दू ऱ्हस्व केला आणि पान उलटलं.

पुढे अमावास्येचा सगळा क्रम होता. मेणबत्ती हिरवी. पाण्याचा वाडगा डाव्या हाताला. जमिनीवर अनवाणी उभं राहायचं, सात श्वास मोजायचे. गेलेल्यांची नावं मोठ्याने घ्यायची. आणि सगळ्यात खाली, अर्ध्या शब्दावर हिरवं मेण सांडलेलं, शेवटची ओळ: "शेवटी आईला मिठ".

धाकटीने लाल पेन्सिलीने 'मि'ची वेलांटी दीर्घ केली. मीठ. तिला त्यात खटकण्यासारखं काही वाटलं नाही. थोरलीच्या त्या जगात मिठाला मान होता, असं तिने कुठेतरी वाचलं होतं.

त्या दिवसापासून दर अमावास्येला धाकटी छापखान्यातून आली की थोरलीच्या खोलीत जायची, मेणबत्ती लावायची, सात श्वास मोजायची, बहिणीचं नाव घ्यायची. नाव तोंडातून बाहेर पडायचं आणि भिंतीला लागून खाली पडायचं. मग ती स्वयंपाकघरात जाऊन आईच्या तळहातावर चिमूटभर मीठ ठेवायची. आई मूठ मिटायची, "बरं" म्हणायची. संपलं.

सहाव्या अमावास्येलाही तसंच झालं. खिडकीत अजून उजेड होता, आई ओट्याशी भांडी पुसत होती. धाकटीने मीठ पुढे केलं. आईने हात पुढे केला नाही.

"एक विचारू? चिडू नकोस."

"विचार ना."

आईने फळीवरून एक छोटी बरणी काढली. तळाशी पांढरा थर होता. "हे बघ. डॉक्टरांनी मला मीठ बंद केलंय, तुला ठाऊकच आहे. पण तू हाताने देतेस, टाकायचं तरी कसं? म्हणून साठवलं. आता सांग, याचं करायचं काय असतं?"

"मला काय माहीत? वहीत लिहिलंय, आईला मीठ."

"मीठ?" आई तिच्याकडे बघतच राहिली. "अगं, थोरली खोलीतून बाहेर आली की मला मिठी मारायची. दर वेळी. मी म्हटलं, धाकटीची रीत वेगळी असेल. तूच तर सांगत होतीस, यात ज्याचं त्याने ठरवायचं असतं."

धाकटी खोलीत गेली, वही उजेडात धरली आणि मेणाचा थेंब नखाने खरवडला. तो कडक होता, तुकड्यातुकड्याने निघाला. खाली 'ठ'ची वेलांटी होती, दीर्घ, ठसठशीत. शेवटी आईला मिठी. आयुष्यात एकदा थोरलीने शब्द बिनचूक लिहिला होता, आणि हिने तो चुकवला होता.

दुरुस्ती चुकली तर छापखान्यात शब्दाखाली ठिपके देतात आणि बाजूला लिहितात, 'आहे तसे ठेवा'. धाकटीने ठिपके दिले. मग वही तशीच हातात घेऊन ती स्वयंपाकघरात आली आणि आईला मिठी मारली. तिला ते जमेना. हात कुठे ठेवावेत कळेना, वहीचा कोपरा आईच्या पाठीत रुतत होता.

"ती घट्ट धरायची," आई म्हणाली.

धाकटीने घट्ट धरलं. आईच्या मानेला साबणाचा वास येत होता. ती वाट बघत राहिली. एक, दोन, तीन, सात श्वास झाले.

"नाही येत गं आई," ती म्हणाली. "रडू नाही येत. आठ महिने झाले. माझ्यात काहीतरी बिघडलंय."

आई तिच्या खांद्यावरच म्हणाली, "मला तरी कुठे आलंय?"

धाकटीने मागे सरून तिच्याकडे बघितलं. आईचे डोळे कोरडे ठणठणीत होते.

"तू मला दगड म्हणशील म्हणून बोलले नाही," आई म्हणाली. "पोटची पोर गेली आणि मी दुसऱ्या दिवशी पडदे धुतले."

"मी तिचा टूथब्रश टाकला."

"बघितला मी कचऱ्यात. काढून ठेवलाय."

दोघी पुन्हा तशाच उभ्या राहिल्या. या वेळी वही ओट्यावर होती.

"हे उद्या केलं तर चालेल का?" आईने विचारलं. "की अमावास्याच लागते?"

"वहीत तसं काही लिहिलेलं नाही."

"मग लिही की," आई म्हणाली.

धाकटीकडे ती लाल पेन्सिलच होती. थोरलीच्या ओळीखाली तिने लिहिलं, 'रोज'.