लाल रेघेखालचे बैल

सातवीची फायनल उद्यावर आली आणि जमनीच्या 'माझे गाव' निबंधात चार ओळीच उरल्या. दिवाळीत तोच निबंध दोन पानं होता! पोरगी आळशी नव्हती हो. बंजारा तांड्यावरून बोरी अरबच्या शाळेत पायपीट करून शिकत होती. घरी गोरबोली, शाळेत मराठी. पास झाली तर त्या काळच्या रीतीनं मास्तरीण होणार, नाहीतर बाप लालसिंग वैशाखात लग्न उरकणार. नवरा ठरलेलाच होता, तिच्या दुप्पट वयाचा.

तिला भोवली ती शाळेतल्या गुरुजींची लाल शाई. तांड्यावर भावसिंग नाईकानं पंचायतीत एखाद्या गोष्टीवर बोट ठेवलं, की ती गोष्ट पुन्हा तोंडातून काढायची नाही. काहून म्हणून विचारायचंही नाही. जमनीनं वहीतही तेच केलं. जिथं लाल दिसलं, ते वाक्य गेलं. आज्याचे मीठ वाहणारे बैल गेले, याडीची, म्हणजे आईची, काचा टाकलेली ओढणी गेली. जुनी वही तर लाजेनं चुलीत घातली. उरलं काय? 'माझे गाव लहान आहे. मला माझे गाव आवडते.'

संध्याकाळी गुरुजींनी वही पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"पोरी, मिठाचे बैल कुठी गेले?"

"तुमी लाल केलं होतं, गुरुजी."

"अवं, ते मले आवडलं म्हणून खाली रेघ मारली! चुकलं तिथं फुली मारत होतो. एकडाव विचारायचं तरी मले."

रेघ काय न् फुली काय, लाल दिसलं की जमनी पान मिटत होती. गुरुजींचाही राग आला तिला. निबंध आखूड होत गेला, तेव्हा या माणसानं तरी कुठं विचारलं?

दुसऱ्या दिवशी दारव्ह्याच्या परीक्षा-केंद्रावर पेपरात नेमका तोच विषय आला. तिनं बैल आठवले. बैल आले, गळ्यातल्या घंटांसकट आले, पण गोरबोलीत आले. मराठी शब्द तिनं स्वतःच घालवले होते. बाकीच्या पोरींची पानं भरत होती. शेवटी तिनं ते सारं गोरबोलीतच लिहिलं, पान भरून लिहिलं. यावर फुलीच पडणार, हे तिला कळत होतं. तरी एक ओळ खोडली नाही.

बाहेर लालसिंग गाडी जुंपून उभा होता. पास होशील का, त्यानं विचारलं.

नाही, बापू, जमनी म्हणाली, आणि गाडीत बसली.