टाकी तापायच्या आधी

जुलै म्हणजे ऑस्ट्रेलियात ऐन हिवाळा; सकाळी पोर्ट केम्बलाच्या पोलाद कारखान्यात खिशातून हात काढवत नाही. दुरुस्तीसाठी बंद ठेवलेली, रोलांमध्ये दाबून पत्रा पातळ करणारी मिल ब्लागोयाला पुन्हा चालू करायची होती. साहेब यायच्या आत पत्रा धावत असेल, असं त्याने छातीठोकपणे सांगून ठेवलं होतं.

"टाकी अजून गार आहे, ब्लागो," रूटा म्हणाली. रोलवर फवारायच्या तेलपाण्याची टाकी तिच्याकडे असायची. "तापू दे जरा."

"तुम्हा सामोआ बेटांवरच्या लोकांना सगळंच गार लागतं. स्वेटर घाल आणि हो बाजूला."

आजूबाजूचे दोघंतिघं कामगार फिदीफिदी हसले. रूटा बाजूला झाली.

खरं तर हे तिला त्यानेच शिकवलं होतं. पाणी गार असलं की तेल पाण्यातच राहतं, पत्र्यावर नीट बसत नाही. मग रोल आणि पत्रा कोरडेच घासतात. तरी त्याने बटण दाबलं. पत्रा आधी झकास धावला. मग त्यावर काळपट ओरखडे उमटले, जळका वास सुटला, मिल थरथरली आणि पत्रा फाटून रोलांमध्ये चुरगळून बसला.

ग्रेहॅमसाहेब धावत आला. "काय झालं?"

ब्लागोया चुरगळलेल्या पत्र्याकडे बघत राहिला. रूटाच म्हणाली, "टाकी तापायच्या आत सुरू केलं आम्ही."

त्या 'आम्ही'ने त्याची कानशिलं तापली. "आम्ही नाही," तो कसाबसा म्हणाला. "ती थांब म्हणत होती. मीच ऐकलं नाही."

"बरं. काढा आता ते," म्हणून साहेब निघून गेला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

दुपारपर्यंत दोघं पत्रा कापून काढत होती. रोज जेवताना रूटा नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं त्याच्यापुढे सरकवायची. आज ती डबा घेऊन क्रेनवाल्यांच्या बाकावर जाऊन बसली. ब्लागोयाने आपला डबा उघडलाच नाही. शेवटी तो उठून तिच्यापाशी गेला.

"साहेबाला सांगितलं ना मी, माझी चूक म्हणून."

"ऐकलं की. ते मिलचं झालं. मला जे बोललास, त्याचं काय?"

सकाळी हसलेले सगळे आता त्याच्याकडेच बघत होते.

"वाईट बोललो," तो खाली मान घालून म्हणाला. "लाज वाटते मला."

"वाटू दे." रूटाने डब्याला झाकण लावलं, हातमोजे उचलले. "चल, खालच्या रोलमधला तुकडा अजून तसाच आहे."

जरा अंतर ठेवून तो तिच्या मागून निघाला.