सासूबाईंसोबत कोर्टात गेलेली खुर्ची

मी एक जुनी घडीची खुर्ची आहे. मित्रांनो, लोखंडी नळी वाकवून एका वेल्डरने माझा सांगाडा केला आणि त्याच्या बायकोने जाड हिरव्या कापडाची बैठक शिवली. मी वजनाला हलकी आणि मिटायला सोपी, म्हणून एका ट्रक ड्रायव्हरने मला आपल्या आईसाठी विकत घेतलं. आईचे गुडघे दुखायचे, पण दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्यांशी गप्पा मारायची भारी हौस. "खुर्ची कसली, सिंहासन आहे," असं त्या शेजारणींना सांगायच्या, तेव्हा मी फुलून जायचे.

पुढे तो ड्रायव्हर माल घेऊन गेला आणि घरी परत आलाच नाही. त्याचा फोन बंद. ट्रकचा मालक म्हणाला, "किल्ली माझ्या हातात ठेवून केव्हाच गेला तो. कुठे, ते काही बोलला नाही."

घरात उरल्या सासू आणि सून. सून बेकरीत पीठ मळायची आणि त्यावर दोघींचं घर चालायचं. जो तो मुलाची चौकशी करतो म्हणून सासूबाईंनी दारात बसणं सोडलं. मी मिटून कपाटामागे गेले. वर्षं सरली, माझ्यावर धुळीची पुटं चढली.

सून धड संसारातही नव्हती आणि धड मोकळीही नव्हती. बेकरीच्या कामगारांना खोल्या मिळणार होत्या, तिथेही तिच्याकडे नवऱ्याची सही मागितली. घटस्फोटाचा शब्द तिच्या ओठांवर यायचा, पण सासूबाईंकडे बघून ती तो गिळून टाकायची. शेवटी सासूबाईंनीच विषय काढला.

"त्याची वाट मी बघेन, आई आहे त्याची. तू कशाला अडकून पडतेस?"

"वकिलाची फी कुठून आणू, आई?"

"विचारून तर येऊ."

कोर्टाच्या आवारात फुकट सल्ला देणारी एक खोली होती आणि तिच्यासमोर ही लांब रांग. सुनेने मला पुसलं, काखेत मारलं आणि निघाली. रांग सरकली की सासूबाईंसकट मीही सरकायचे.

वकीलबाई शांत होत्या. "फी लागणार नाही. पण नुसतं सापडत नाही म्हणून चालत नाही, शोधलंत हे दाखवावं लागेल." मग सुनेने ट्रकचा मालक, नवऱ्याचे मित्र, मामा, सगळ्यांना गाठलं. घटस्फोटाचा अर्ज दाखल झाला, पण नवऱ्याच्या जुन्या पत्त्यांवर गेलेल्या कोर्टाच्या नोटिसा परत आल्या. नोटीस वर्तमानपत्रात जाहिरात म्हणून देणं परवडणारं नव्हतं. वकीलबाईंनी तसा अर्ज केला आणि न्यायाधीशांनी नोटीस कोर्टाच्या फळ्यावर आणि त्याच्या शेवटच्या घराच्या दारावर लावायची परवानगी दिली.

आता त्याचं शेवटचं घर म्हणजे आमचंच! आमच्या दारावर नोटीस लागली. सून लाजेने अर्धमेली झाली. सासूबाईंनी मात्र मला उघडून दारात मांडलं आणि ऐसपैस बसल्या. कोणी विचारलं की म्हणायच्या, "वाचा की, मोठ्या अक्षरात आहे."

तारखेला तो आला नाहीच. न्यायाधीशांनी सासूबाईंना माझ्यावर बसूनच बोलायला सांगितलं.

"मुलगा कुठे आहे, माहीत आहे?"

"माहीत असतं तर कान धरून आणला असता, साहेब." मग सुनेकडे बघून म्हणाल्या, "जिवंत आहे का, तेही ठाऊक नाही. पण म्हणून हिनं जन्मभर दाराकडे बघत बसू नये."

निकाल एकतर्फी लागला. सुनेची सुटका झाली. घरी येऊन ती आडवी झाली आणि दिवेलागणीपर्यंत गाढ झोपली. उठून बघते तर सासूबाई आपले कपडे पिशवीत भरत होत्या.

"हे काय?"

"आता कायद्याने मी तुझी कोण?"

सुनेने पिशवी ओढून घेतली. "नवऱ्यापासून सुटायला अर्ज केला होता, आई. सासूपासून सुटायला केलाय का कोणी? चहा टाका."

सासूबाई रडता रडता हसल्या. चहात साखर दुप्पट पडली, तरी दोघी तो प्यायल्या.

आज मी बेकरीने दिलेल्या खोलीच्या गॅलरीत असते. मित्रांनो, अडगळीत मिटून पडलेल्या वस्तूंवरची धूळ अधूनमधून झटकत जा. आणि आपलं माणूस कचेरीच्या रांगेत उभं राहायला निघालं, तर त्याला एकटं पाठवू नका. सोबत जा, आणि जमल्यास बसायलाही काहीतरी न्या.